हरवलेली शून्यं, बदललेल्या तारखा

एक्सेलच्या कोऱ्या शीटमध्ये ७/१२ असं टाइप करून एंटर दाबलं की चौकटीत ७ डिसेंबर ही तारीख उमटते. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची असेल, तर तीच तारीख १२ जुलै होते. महाराष्ट्रातला शेतकरी ज्या आकड्यांवरून आपल्या जमिनीचा कागद ओळखतो, ते एक्सेलच्या लेखी कॅलेंडरवरचा एक दिवस आहेत. नंतर त्या चौकटीचा प्रकार बदलून 'टेक्स्ट' केला, तरी ७/१२ परत येत नाही. २०२४ सालात टाइप केलं असेल, तर त्या जागी ४५६३३ हा आकडा दिसतो. एक्सेल तारखा १९०० सालापासून मोजलेल्या दिवसांच्या रूपात साठवतं आणि ७ डिसेंबर २०२४चा त्या मोजणीतला क्रमांक ४५६३३ आहे.

हे एकाच चौकटीत घडलं, तर दुरुस्त करता येतं. जमिनींच्या लांबलचक यादीत मात्र हा घोळ लपून राहतो. भूमापन क्रमांक ११२/१ असेल तर तो शाबूत राहतो, कारण तशी तारीखच नसते. पण १२/३चा १२ मार्च होतो, ५/२चा ५ फेब्रुवारी आणि ३/४५चा थेट '४५ सालचा मार्च. एकाच स्तंभात काही क्रमांक खरे आणि काहींच्या तारखा झालेल्या! फटका फक्त लहान क्रमांकांच्या जमिनींना बसतो. यादी वरवर चाळणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत अशा याद्यांना मोठं मोल आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा सामूहिक वनहक्कांसाठी देशभर ओळखला जातो. २००६चा वनहक्क कायदा आणि २००८चे नियम आल्यानंतर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक गावाच्या हाती दिलं, आणि आपल्या बांबूचा परवाना ग्रामसभा स्वतः फाडू लागली. आज जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगावही त्याच वाटेने गेलं आहे. बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकणाऱ्या ग्रामसभेला कोणी किती पुडे आणले, कोणाच्या खात्यात किती मजुरी जमा करायची, कुठल्या कक्षात किती तोड झाली, याचा हिशेब ठेवावा लागतो.

नोंदींतून काय घडू शकतं, हेही गडचिरोली जिल्ह्याने दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. तुलनेसाठी आणखी ४७ गावांतल्या नोंदी ठेवल्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले तेव्हा नवजात मृत्यूदरात ६२ टक्के घट दिसत होती. गावागावांतल्या जन्ममृत्यूंच्या काटेकोर नोंदी नसत्या, तर हा आकडा सिद्धच करता आला नसता.

अशा नोंदी आता वहीतून संगणकात जातात, संगणकातून पोर्टलवर आणि पोर्टलवरून 'एक्सपोर्ट'चं बटण दाबून पुन्हा एक्सेलमध्ये येतात. गडबड झाली की दोष पोर्टलला दिला जातो. पुष्कळदा पोर्टलवरची माहिती मात्र धडधाकट असते. एक्सपोर्ट झालेली फाइल डबल-क्लिक करून उघडली जाते आणि मग तशीच सेव्ह केली जाते, या दोन क्षणांत खरं नुकसान होतं.

नाव एक, आत भलतंच

फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं म्हणजे तिचं एक्स्टेन्शन. एक्सपोर्टनंतर साधारण तीन प्रकारच्या फाइली हाती पडतात: सीएसव्ही, एक्सएलएस आणि एक्सएलएसएक्स.

सीएसव्ही हा निव्वळ मजकूर असतो. एक ओळ म्हणजे एक नोंद, आणि दोन रकान्यांच्या मधे स्वल्पविराम. तिच्यात रंग नाहीत, सूत्रं नाहीत, दुसरं शीट नाही. अमुक रकाना आकड्यांचा की अक्षरांचा, हेही तिच्यात लिहिलेलं नसतं. उघडणाऱ्या प्रोग्रामने तो अंदाज बांधायचा असतो, आणि सगळ्या घोटाळ्यांचं मूळ या अंदाजात आहे.

एक्सएलएस हा एक्सेलचा जुना प्रकार. त्यात ६५,५३६ ओळी आणि २५६ स्तंभ एवढीच जागा असते. २००७च्या ऑफिसबरोबर एक्सएलएसएक्स आला आणि ही मर्यादा १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभांपर्यंत वाढली. एक्सएलएसएक्स म्हणजे अनेक छोट्या फाइलींचं एक गाठोडं असतं: प्रत्येक शीटची वेगळी फाइल, रंगसजावटीची वेगळी, मजकुराची वेगळी, आणि हे सगळं झिप करून एकत्र बांधलेलं.

चौथा प्रकार वेशांतराचा. अनेक संकेतस्थळांवरचं 'एक्सपोर्ट टू एक्सेल' हे बटण खरी एक्सेल फाइल बनवतच नाही. ते वेबपानावरचा तक्ता जसाच्या तसा उचलतं आणि नावापुढे एक्सएलएस जोडून देतं. फाइल उघडताना तिचा प्रकार आणि एक्स्टेन्शन जुळत नाही, फाइल खराब किंवा असुरक्षित असू शकते, असा इशारा येतो. घाबरून ती टाकून देण्याचं कारण नाही, पण ती कुठून आली याची खात्री हवी. खात्रीच्या सरकारी पोर्टलवरून आपणच उतरवलेली फाइल असेल, तर 'येस' म्हणून उघडावी आणि लगेच 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन 'एक्सेल वर्कबुक' हा प्रकार निवडावा. नुसतं कंट्रोल-एस दाबलं, तर ती आतून वेबपानच राहते. पुढे मोबाइलवर ती उघडत नाही, किंवा दुसऱ्या पोर्टलवर चढवताना नाकारली जाते.

फाइलच्या पोटात काय आहे, हे पाहायला नोटपॅड पुरेसं आहे. फाइलची एक प्रत नोटपॅडमध्ये उघडावी आणि पहिली काही अक्षरं वाचावीत. स्वल्पविरामांनी तोडलेला वाचता येणारा मजकूर दिसला, तर ती सीएसव्ही. कोनी कंस आणि एचटीएमएल अशी अक्षरं दिसली, तर वेबपान. सुरुवातीला रोमन लिपीत पी आणि के ही दोन अक्षरं व पुढे अगम्य चिन्हं दिसली, तर ते झिप केलेलं, म्हणजे बहुधा खरं एक्सएलएसएक्स. पी आणि के ही झिप प्रकाराचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं आहेत. नोटपॅडमध्ये काही बदलू नये आणि सेव्हही करू नये. पाहून बंद करावं.

डबल-क्लिकचा फटका

गडचिरोलीचा एसटीडी कोड ०७१३२ आणि चंद्रपूरचा ०७१७२. हे कोड असलेली सीएसव्ही डबल-क्लिकने उघडली की पुढचं शून्य गळतं आणि ७१३२, ७१७२ उरतात. आकड्याच्या पुढच्या शून्याला किंमत नसते, असं एक्सेल मानतं. २०११च्या जनगणनेतले तालुक्यांचे पाच अंकी संकेतांकही शून्याने सुरू होतात. ते चार अंकी झाले की दुसऱ्या तक्त्याशी जुळेनासे होतात, आणि आख्खा तालुका 'माहिती उपलब्ध नाही' या सदरात जातो.

याहून घातक आहे १५ अंकांची मर्यादा. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच लक्षात ठेवतं आणि त्यापुढच्या प्रत्येक अंकाच्या जागी शून्य भरतं. आधार क्रमांक १२ अंकी आहे, त्यामुळे तो नुसता विचित्र दिसतो: मधे दशांशचिन्ह, शेवटी रोमन 'ई' आणि अधिक ११. चौकटीचा प्रकार 'नंबर' करून दशांशस्थळं शून्यावर आणली की तो पूर्ण दिसू लागतो. पण हे न करता फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली, तर ते विचित्र रूपच फाइलीत लिहिलं जातं आणि शेवटचे अंक कायमचे जातात. बँक खात्याचे क्रमांक तर काही बँकांत १६ अंकी किंवा त्याहून मोठे असतात. १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य झाला, की मजुरी परत फिरते किंवा चुकीच्या खात्याकडे पाठवली जाते. हा अंक सूत्राने परत आणता येत नाही. मूळ फाइल किंवा पासबुकच शोधावं लागतं.

तारखांचा खेळ समजून घ्यायला तेंदूचा हंगाम घ्यावा. संकलन मुख्यतः मे महिन्यात चालतं. यादीत तारखा आपल्या पद्धतीने लिहिलेल्या आहेत: आधी दिवस, मग महिना. संगणकाची सेटिंग अमेरिकेची आहे, म्हणजे आधी महिना, मग दिवस. आता १ मे ही ५ जानेवारी होते, २ मे ही ५ फेब्रुवारी, ३ मे ही ५ मार्च, आणि असं करत १२ मे ही ५ डिसेंबर. एका पंधरवड्याचं संकलन वर्षाच्या बारा महिन्यांत विखुरतं. फक्त ५ मे जागेवर राहते. १३ मेपासून पुढच्या तारखा एक्सेलला कळतच नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. त्या साधा मजकूर म्हणून पडून राहतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या तारखा चौकटीच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या. तारखांच्या एकाच स्तंभात काही उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की थांबावं, फाइल सेव्ह न करता बंद करावी आणि विंडोजच्या 'रीजन' सेटिंगमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' निवडून ती पुन्हा उघडावी.

एक्सेलच्या या स्वभावाने शास्त्रज्ञांनाही जेरीस आणलं. माणसाच्या काही जनुकांची रोमन लिपीतली लघुनावं 'सेप्ट १', 'मार्च १' अशी होती. एक्सेल त्यांची १ सप्टेंबर, १ मार्च करून टाकत असे. २०१६ साली शोधनिबंधांबरोबर जोडलेल्या जनुकयाद्या तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शाच्या निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२०पर्यंत जनुकांची नावंच बदलली गेली. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने ही आपोआप होणारी रूपांतरं बंद करण्याची सोय दिली. नव्या आवृत्तीत 'फाइल', 'ऑप्शन्स', 'डेटा' या वाटेने गेलं की पुढची शून्यं काढणं, मोठ्या आकड्यांचे १५ अंकच ठेवणं, अक्षरं-आकड्यांची तारीख करणं हे पर्याय एकेक करून बंद करता येतात. याद्यांचं काम रोज करणाऱ्याने ते आजच बंद करावेत.

आणखी एक नुकसान कोणतीही सूचना न देता होतं. सीएसव्ही सेव्ह करताना एक्सेल चौकटीतला मूळ आकडा लिहीत नाही. पडद्यावर जेवढा दिसतो तेवढाच लिहितं. वनहक्काच्या हद्दीवरचे जीपीएस बिंदू पाच-सहा दशांशस्थळांपर्यंत असतात. स्तंभ नीटस दिसावा म्हणून कोणी दोनच दशांशस्थळं ठेवली आणि सीएसव्ही सेव्ह केली, तर बाकीचे अंक गेले. अक्षांशाचा शंभरावा भाग जमिनीवर सुमारे १.१ किलोमीटर असतो. म्हणजे हद्दीचा दगड उत्तरेला किंवा दक्षिणेला अर्ध्या किलोमीटरपर्यंत सरकू शकतो. एका गावाचं जंगल दुसऱ्याच्या नकाशात जायला एवढं अंतर पुरे. ताडोबासारख्या जंगलात लावलेल्या कॅमेरा ट्रॅपच्या नोंदींना हाच धोका असतो. तारीख आणि वेळ एकत्र असलेला रकाना एक्सेल तास-मिनिटांपर्यंतच दाखवतं. तशीच सीएसव्ही सेव्ह झाली तर सेकंद नाहीसे होतात, आणि एका मिनिटात लागोपाठ टिपलेल्या चित्रांचा क्रम त्या वेळेवरून सांगता येत नाही.

मराठी अक्षरांची तीन दुखणी

गावांची आणि माणसांची नावं देवनागरीत असलेल्या फाइलीत बिघाड तीन रूपांत दिसतो. प्रत्येक रूपाचा अर्थ वेगळा आणि उपायही वेगळा.

पहिलं रूप: नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्याच्या सोबतीला चलनाचं किंवा येनचं चिन्ह. हे पाहून माहिती बिघडली असं वाटतं, पण ती सुखरूप असते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं आणि त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच असतो. एक्सेलने ते तीन बाइट पाश्चात्त्य युरोपीय लिपीची तीन वेगळी अक्षरं समजून वाचले, एवढंच झालं. फाइल सेव्ह न करता बंद करावी आणि 'डेटा' टॅबमधल्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने पुन्हा आणावी. 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ यूनिकोड (यूटीएफ-८) निवडलं की मराठी जशीच्या तशी येते.

दुसरं रूप: नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. हे वाईट लक्षण आहे. मराठी असलेली शीट कोणीतरी साध्या 'सीएसव्ही' प्रकारात सेव्ह केली, आणि त्या जुन्या संकेतपद्धतीत देवनागरीला जागा नसल्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. अक्षरं गेली ती गेली. मूळ एक्सपोर्ट पुन्हा काढणं हाच उपाय. सीएसव्ही बनवायचीच असेल, तर 'सेव्ह ॲज'च्या यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा वेगळा पर्याय असतो; तो निवडावा.

तिसरं रूप जुन्या दप्तरांचं. यूनिकोड रुळण्यापूर्वी कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत मराठी टाइप होत असे. त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांना फॉन्टने मराठी रूप दिलेलं असतं. कृतिदेवमध्ये लिहिलेलं 'गडचिरोली' आतून एक्स, मोठा एम, एफ, पी, जे, के, एस, वाय, एच एवढंच असतं. फाइल सीएसव्ही झाली की फॉन्ट गळून पडतो आणि ही रोमन अक्षरं उघडी पडतात. इथे माहिती हरवलेली नसते. त्या स्तंभाला पुन्हा तोच फॉन्ट लावला की मराठी दिसते. पण ते तात्पुरतं झालं. कायमचा उपाय म्हणजे कन्व्हर्टरने यूनिकोडमध्ये रूपांतर करणं आणि मग जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासणं. या जिल्ह्यांत मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगाली बोलणारी माणसं राहतात. त्यांच्या गावांची, आडनावांची रूपं कन्व्हर्टरला माहीत नसतात. ती गावातल्याच माणसाकडून तपासून घ्यावीत.

ऑटोसेव्हवर किती विसंबावं

'ऑटोसेव्ह चालू होतं, तरी काम गेलं' ही तक्रार नेहमीची आहे. तिच्यामागे दोन वेगळ्या सोयींची सरमिसळ असते.

एक्सेलच्या डाव्या कोपऱ्यातलं 'ऑटोसेव्ह'चं बटण मायक्रोसॉफ्ट ३६५च्या वर्गणीदारांसाठी आहे, आणि फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तरच ते काम करतं. संगणकाच्या 'डाउनलोड्स' फोल्डरमधल्या फाइलीला ते लागू नाही. फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारातली असेल किंवा पासवर्डने कुलूपबंद असेल, तरीही ते बंद राहतं. पोर्टलवरून उतरवलेली फाइल 'डाउनलोड्स'मध्ये असते आणि पुष्कळदा एक्सएलएस असते. म्हणजे एक्सपोर्ट केलेल्या फाइलीवर ऑटोसेव्ह न चालणं हा बिघाड नाही. आधी एक्सएलएसएक्स करायचं, मग वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, तेव्हा ते सुरू होतं. सीएसव्हीची गोष्ट वेगळी. ती कुठेही ठेवली आणि कितीही वेळा सेव्ह केली, तरी सूत्रं, रंग आणि दुसरी शीटं तिच्यात मावतच नाहीत.

दुसरी सोय 'ऑटोरिकव्हर'. ती दर दहा मिनिटांनी कामाची तात्पुरती प्रत बाजूला ठेवते. वीज गेली किंवा एक्सेल मधेच बंद पडलं, तर पुढच्या वेळी ती प्रत समोर येते. पण ती अपघातासाठी आहे. फाइल नीट बंद करताना 'डोन्ट सेव्ह' दाबलं की ती प्रतही पुसली जाऊ शकते. म्हणून 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह' विभागात दहा मिनिटांऐवजी दोन मिनिटं करावीत आणि सेव्ह न करता बंद केल्यास शेवटची प्रत राखून ठेवण्याच्या पर्यायावर खूण आहे ना, हे पाहावं. कधीच सेव्ह न केलेली फाइल गेली असेल, तर 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज वर्कबुक', 'रिकव्हर अनसेव्ह्ड वर्कबुक्स' या वाटेने शोधावी. अशा प्रती साधारण चार दिवसच राहतात, म्हणून शोध त्याच दिवशी घ्यावा. लिब्रेऑफिसमध्येही अशी सोय आहे. शिवाय दर वेळी आधीची प्रत राखून ठेवण्याचा पर्यायही आहे, तो चालू करावा.

झिपमधून थेट उघडलेली फाइल ही तिसरी फसगत. झिपवर डबल-क्लिक करून आतली शीट उघडली, की विंडोज तिची तात्पुरती प्रत दाखवतं. त्या प्रतीत केलेलं काम मूळ झिपमध्ये पोचत नाही. आधी 'एक्स्ट्रॅक्ट' करावं, मग उघडावं.

ऑटोसेव्हचा उलटा धोकाही ध्यानात ठेवायला हवा. ते चालू असताना केलेला प्रत्येक बदल लगेच मूळ फाइलीत जातो, चुकीचा बदलसुद्धा. नावांचा एकच स्तंभ निवडून 'सॉर्ट' केलं आणि शेजारचा खातेक्रमांकांचा स्तंभ तसाच राहिला, तर एकाची मजुरी दुसऱ्याच्या नावावर जाते. अशा वेळी 'व्हर्जन हिस्ट्री' कामी येते. वनड्राइव्हवर आणि गुगल शीट्समध्ये फाइलीचं आधीचं रूप तिथून परत आणता येतं.

ऑटोसेव्ह आणि व्हर्जन हिस्ट्रीला इंटरनेट लागतं, आणि दुर्गम तालुक्यांत त्याचा भरवसा नसतो. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याचा अनुभव अनेक पावसाळ्यांचा आहे. गुगल शीट्सवर ऑफलाइन काम करायचं असेल, तर ती सोय जोडणी असतानाच चालू करून ठेवावी लागते. एकच फाइल दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी ऑफलाइन बदलली, तर नेटवर्क आल्यावर दोन प्रती होऊ शकतात. म्हणून जिथे नेट जातं-येतं, तिथे एका यादीचा एकच धनी ठरवावा आणि बाकीच्यांनी आपल्या नोंदी त्याच्याकडे द्याव्यात. अशा ठिकाणी कंट्रोल-एस आणि पेन ड्राइव्हवरची प्रत हाच खात्रीचा मार्ग आहे.

ओळी मावल्या नाहीत तेव्हा

२०२० साली कोविडच्या ऐन साथीत इंग्लंडमध्ये १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकडेवारीतून सुटली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात हे घडलं. प्रयोगशाळा सीएसव्ही पाठवत होत्या आणि त्या भरण्याचा साचा जुन्या एक्सएलएस प्रकारातला होता. त्याच्या ६५,५३६ ओळी भरल्यावर पुढच्या नोंदी गळून पडल्या. हे बाधित ज्यांच्या संपर्कात आले होते, त्यांचा शोध घ्यायला उशीर झाला. तिथे सर्व्हर कोसळला नव्हता किंवा कोणी हल्ला केला नव्हता. फाइलचा प्रकार चुकला होता, एवढंच.

रोजगार हमीची वर्षभराची हजेरी किंवा धान खरेदीच्या नोंदी जिल्हाभरासाठी उतरवल्या, की हा आकडा सहज ओलांडला जातो. कंट्रोल आणि एंड ही बटणं दाबून शेवटच्या ओळीवर जावं. ओळीचा क्रमांक नेमका ६५,५३६ किंवा १०,४८,५७६ असेल, तर पुढची माहिती कापली गेली असं समजून तालुकावार किंवा महिनावार एक्सपोर्ट पुन्हा काढावा.

एक्सपोर्टनंतरची शिस्त

उतरवलेल्या मूळ फाइलला हात लावू नये. तिची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, नावात तारीख घालावी आणि 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'रीड-ओन्ली'वर खूण करावी. वर सांगितलेल्या जवळपास प्रत्येक बिघाडातून सुटका करणारी गोष्ट ही एकच आहे.

सीएसव्ही डबल-क्लिकने उघडू नये. एक्सेलमध्ये कोरी शीट उघडून 'डेटा', 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' या वाटेने ती आणावी, यूटीएफ-८ निवडावं आणि 'डेटा टाइप डिटेक्शन'मध्ये 'डू नॉट डिटेक्ट' हा पर्याय घ्यावा. सगळे रकाने मजकूर म्हणून येतात. शून्य गळत नाही, तारीख बदलत नाही. मग ज्या रकान्यांची बेरीज करायची आहे, तेवढेच आकड्यांत बदलावेत. ज्याची कधी बेरीज होत नाही, तो आकडा नसून नाव आहे, असं मानावं: आधार, खातेक्रमांक, मोबाइल, जॉबकार्ड, भूमापन क्रमांक, कक्ष क्रमांक. लिब्रेऑफिस सीएसव्ही उघडताना स्वतःच खिडकी दाखवतं. तिथे हे रकाने निवडून प्रकार 'टेक्स्ट' करावा. गुगल शीट्समध्ये 'इंपोर्ट' करताना मजकुराचं आकड्यांत आणि तारखांत रूपांतर करण्याच्या पर्यायावरची खूण काढावी.

त्यानंतर लगेच, एकही बदल करण्याआधी, 'सेव्ह ॲज'ने एक्सएलएसएक्स करावं. काम त्याच फाइलीत करावं. सीएसव्ही मागितली असेल, तर अगदी शेवटी तिची वेगळी प्रत काढावी आणि ती नोटपॅडमध्ये उघडून तपासावी. ती पुन्हा एक्सेलमध्ये उघडून पाहिली आणि सेव्ह केली, की सगळे धोके पहिल्यापासून सुरू होतात.

आणि यादी बँकेत किंवा कार्यालयात देण्याआधी तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: पोर्टलवरची आणि शीटमधली नोंदींची संख्या, एकूण रकमेची बेरीज, आणि पहिली, मधली व शेवटची ओळ मूळ वहीतल्या नोंदीशी. शक्य असेल तिथे ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. आपलं नाव, आपले पुडे आणि आपल्या खात्याचे शेवटचे चार अंक ऐकणारा माणूस चूक जितक्या लवकर पकडतो, तितकी ती कुठलंही सॉफ्टवेअर पकडत नाही.